बिनपगारी अर्जनवीस

पूर्वीं मामलेदार कचेरीच्या आवारांत एखाद्या झाडाखालीं लांकडी पेटी पुढें घेऊन अर्जनवीस बसलेला असे. खेड्यांतून आलेल्या मनुष्यास आपलें गाऱ्हाणें पुरतेपणीं ठाऊक असे. परंतु तें कोणत्या नमुन्यांत मांडावें, त्यावर कोणतें तिकीट लावावें आणि तो कागद कोणत्या खिडकींत द्यावा, हें त्यास उमगत नसे. अर्जनवीस त्याचें म्हणणें ऐकून घेई व कचेरीस मान्य होईल अशा भाषेंत उतरवून देई. त्याबद्दल तो दोन-चार आणे घेई, आणि तें योग्यच होतें. मात्र आपली विद्या तो सहसा दुसऱ्यास शिकवीत नसे. कारण त्याचें पोट त्या विद्येवर होतें.

आजच्या संगणकाच्या युगांत असे सहस्रावधि अर्जनवीस निर्माण झाले आहेत कीं, ते एक पैही घेत नाहींत. इतकेंच नव्हे, तर आपण अर्ज कसा लिहितों हें अक्षर न् अक्षर उघडें करून दाखवितात. संगणकाच्या परिभाषेंत त्यांस 'लायब्ररी' म्हणतात. येथें या शब्दाचा अर्थ ग्रंथालय असा नसून, कोणींही आपल्या कामांत जोडून घ्यावा असा तयार सूचनांचा संच, असा आहे. अशाच एका लहानशा संचाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कशास, असें एखाद्या पालकास वाटेल. परंतु आपल्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी अशा संचांचा उपयोग आजच करूं लागले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस त्यामागील ऋणाची व त्यापुढील जबाबदारीची कल्पना नाहीं, असें अनुभवास आल्यामुळेंच हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया संस्थानांत अटलांटा नांवाचें शहर आहे. तेथें २००१ सालीं 'मेलचिम्प' ही सेवा सुरू झाली. व्यापारी, संस्था व नियतकालिकें यांना आपल्या ग्राहकांस व वर्गणीदारांस एकाच वेळीं शेंकडों-हजारों ई-मेल पत्रें पाठवितां यावींत, हा तिचा उद्देश. टोपी घातलेला चिंपांझी हें तिचें बोधचिन्ह. ही सेवा इतकी भरभराटीस आली कीं, २०२१ सालीं इंट्युइट नांवाच्या कंपनीनें ती सुमारें १२ अब्ज डॉलरांस विकत घेतली.

या सेवेशीं मनुष्यानें व्यवहार करावयाचा तर तिचें संकेतस्थळ आहे. परंतु एखाद्या संगणकाच्या प्रोग्रामानें तिच्याशीं व्यवहार करावयाचा तर तिनें त्यासाठीं निराळी खिडकी ठेविली आहे. त्या खिडकीस 'एपीआय' म्हणतात. तेथील नियम कचेरीहूनही कडक! मागणी ठराविक पत्त्यावर आली पाहिजे, ती 'जेसन' नांवाच्या ठराविक नमुन्यांत मांडलेली असली पाहिजे, आणि तिच्यासोबत आपली गुप्त किल्ली असली पाहिजे. ही किल्ली म्हणजे अक्षरांची व आंकड्यांची एक लांब ओळ असून, आपलें खातें सेवेच्या कोणत्या केंद्रांत आहे हें तिच्या शेवटच्या भागावरून कळतें. यादींतील एखाद्या माणसाविषयीं बोलावयाचें असेल, तर त्याचा ई-मेल पत्ता लहान लिपींतील अक्षरांत लिहून, 'एम्‌डी५' नांवाच्या गणिती रीतीनें त्यापासून निघणारी ३२ अक्षरांची खूण तेथें द्यावयाची. इतकें सर्व प्रत्येक वेळीं हातानें लिहूं जाणें म्हणजे चुकांस आमंत्रणच होय.

येथेंच आपला अर्जनवीस पुढें येतो. त्याचें नांव 'गिब्बन'. तो रूबी नांवाच्या संगणकभाषेंत लिहिलेला आहे. ही भाषा जपानांत जन्मली व १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील अशा संचांना 'जेम' म्हणजे रत्न म्हणण्याचा प्रघात आहे. सेवेचें नांव चिंपांझीवरून, म्हणून तिच्या या सोबत्याचें नांव त्याच्याच कुळांतील गिब्बन या लहान वानरावरून पडलें. आसामच्या अरण्यांत राहणारा हूलॉक तो हाच. या रत्नाच्या साहाय्यानें प्रोग्राम लिहिणारा एका ओळींत एवढेंच म्हणतो कीं, 'अमुक यादींतील अमुक सभासद. नसेल तर घाल, असेल तर सुधार.' मग किल्लीवरून केंद्र ओळखणें, मागणीचा पत्ता जुळविणें, मजकूर नमुन्यांत बसविणें, तो रवाना करणें, आलेलें उत्तर उलगडून देणें आणि खिडकीनें नकार दिल्यास तो कोणत्या कारणास्तव दिला हें कळविणें, हीं सर्व कामें गिब्बन करितो.

या श्रमाचें मोल किती? कांहीं नाहीं! ज्या सेवेची किंमत अब्जावधि डॉलर झाली, तिच्या दाराशीं बसलेला हा लेखनिक फुकट आहे. तो 'एमआयटी परवाना' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अटींवर दिलेला आहे. मूळ मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेंतून निघालेला हा परवाना इतका आंखूड आहे कीं, चौथींतील मुलाच्या निबंधाहूनही तो लहान भरावा. त्याचा आशय असा: हा संच कोणींही वापरावा, त्याच्या प्रती काढाव्या, त्यांत फेरफार करावे, फार काय, तो विकावा देखील, अट एकच कीं, मूळ कर्त्याचा हक्कलेख व हा परवाना प्रत्येक प्रतीबरोबर कायम राहिला पाहिजे. शेवटीं एक इशारा आहे: वस्तु जशी आहे तशी दिली आहे, तिच्या गुणदोषांची हमी कर्ता घेत नाहीं.

या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून कांहीं व्यवहारी गृहस्थ म्हणतात, 'फुकटाची वस्तु, तिचा भरंवसा काय? त्यापेक्षां पैसे मोजून घ्यावें.' हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु पैसे मोजून घेतलेल्या बंद पेटींत काय आहे हें आपणांस पाहतांही येत नाहीं; उघड्या संचांत निदान पाहण्याची सोय आहे. खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो असा कीं, पाहण्याची सोय असली म्हणून पाहतो कोण?

या प्रश्नाचें उत्तर जगास दोनदां मोठ्या किंमतीनें मिळालें आहे. २०१४ सालच्या एप्रिलांत 'हार्टब्लीड' नांवाचा दोष उघडकीस आला. ज्या खुल्या संचावर असंख्य संकेतस्थळांची गुप्तता अवलंबून होती, त्या ओपनएसएसएलमध्यें तो दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. आणि त्या संचाची निगा राखणारीं माणसें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. दुसरी गोष्ट २०२४ सालच्या मार्चांतील. 'एक्सझी' नांवाचा संच एक एकटा मनुष्य आपल्या फावल्या वेळांत सांभाळीत होता. तो थकला होता. एका अनोळखी इसमानें दोनएक वर्षें गोड बोलून, खरीखुरी मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि अखेर त्या संचांत चोरदरवाजा बसविला. एका दक्ष अभियंत्यास दूरच्या संगणकावर प्रवेश मिळण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें कारण शोधिलें, म्हणून अनर्थ टळला. अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या त्या एका मनुष्याचे आपणां सर्वांवर उपकार आहेत.

यावरून माझें पहिलें म्हणणें सिद्ध होतें. गांवच्या विहिरीचें पाणी सर्वांनीं भरावें, परंतु गाळ काढावयाच्या दिवशीं कोणीही फिरकूं नये, ही रीत जशी गांवास शोभत नाहीं, तशीच ती संगणकाच्या जगासही शोभत नाहीं. गिब्बनसारखा संच एकदां लिहिला म्हणजे संपलें, असें नसतें. सेवेनें आपल्या खिडकीची रीत बदलून तिसरी आवृत्ति काढली, तेव्हां जुन्या रीतीचा अर्ज चालेना, आणि या संचाचीही मांडणी मुळापासून बदलावी लागली. तें काम कोणी तरी, कोणत्या तरी रात्रीं, स्वतःची झोंप मोडून केलें असेल. आपल्या विद्यार्थ्यानें तें एका ओळींत आपल्या प्रोग्रामास जोडून घ्यावें, प्रदर्शनांत 'हें सर्व मीं केलें' असें सांगून बक्षीस मिळवावें, आणि परवान्याचा कागद मात्र काढून टाकावा, याला मी चोरीच म्हणतों. फुकट दिलेल्या वस्तूचीही चोरी होऊं शकते. तेथें चोरीस जातें तें कर्त्याचें नांव.

आतां दुसरें म्हणणें, आणि तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. अर्जनवीस कितीही निःस्वार्थी असला तरी अर्ज कोणाचा व कशासाठीं, हें तो ठरवीत नाहीं. गिब्बनच्या ओळी वाचून पाहिल्यास त्यांत लबाडी कोठेंही आढळणार नाहीं. परंतु त्याच ओळींनीं दहा हजार अनोळखी माणसांच्या घरांत आगंतुकपणें शिरतां येतें.

टपालाच्या पत्रास तिकीट लागतें. हिंदुस्थानांत १८५४ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट सर्वत्र सुरू झालें. तें दर आकारासाठीं होतें खरें, परंतु नकळत तें नीतीचाही पहारा करीत होतें; कारण नको असलेलीं हजार पत्रें पाठविणाऱ्यास हजार तिकिटें विकत घ्यावीं लागत. ई-मेलनें हा पहारेकरी उठविला. १९७८ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस एका अमेरिकन संगणक-कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्यानें त्या काळच्या 'आर्पानेट' या जाळ्यावरील सुमारें ४०० लोकांस एकदम जाहिरातीचें पत्र धाडलें. पुष्कळांनीं संताप व्यक्त केला, कंपनीस ताकीद मिळाली. तथापि वाट पडली ती पडलीच. जेथें खर्चाचा आळा उरला नाहीं, तेथें सद्सद्विवेकाचा आळा तरी असला पाहिजे, नाहीं तर कोणताच राहत नाहीं.

मेलचिम्पच्या खिडकींत हा विवेक एका लहानशा शब्दांत बसविलेला आहे. नवीन सभासद घालतांना त्याची स्थिति कळवावी लागते. 'सबस्क्राइब्ड' असें लिहिलें तर तो माणूस तत्क्षणीं यादींत दाखल होतो. 'पेंडिंग' असें लिहिलें तर सेवा त्यास आधीं एक पत्र पाठवून विचारते, 'आपणांस हीं पत्रें हवीं आहेत काय?' आणि त्यानें होकार दिला तरच त्याचें नांव यादींत चढतें. शिवाय, माणूस नवीन असेल तरच ही स्थिति लागू करावी, जुना असेल तर त्याच्या इच्छेस हात लावूं नये, अशीही तरतूद त्या खिडकींत आहे. गिब्बन यांपैकीं कोणताही शब्द तितक्याच तत्परतेनें पोहोंचवितो. कोणता शब्द लिहावयाचा, हें ओळ लिहिणाऱ्याच्या मनावर आहे.

या एका शब्दाची किंमत मला स्वानुभवानें कळली, ती गोष्ट संकोच बाजूस ठेवून सांगतों. एका शिक्षणसंस्थेनें माजी विद्यार्थ्यांसाठीं वार्तापत्र काढण्याचें ठरविलें. त्या समितींत मीही होतों. प्रोग्राम लिहिण्याचें काम एका हुशार व होतकरू तरुणाकडे दिलें. त्यानें अशाच एका संचाच्या मदतीनें तें एका सायंकाळीं पुरें केलें. पत्ते कोठून आणावे, असें त्यानें विचारलें. फीची व निकालाची सूचना धाडण्यासाठीं पालकांनीं दिलेले पत्ते कार्यालयांत होते. 'तेच घे,' असें मींच त्यास सांगितलें. त्यानें ते सर्व पत्ते ओतले, प्रत्येकापुढें 'सबस्क्राइब्ड' हा शब्द लिहिला, आणि प्रत्येक पत्राच्या आरंभीं त्या त्या विद्यार्थ्याचें नांव आपोआप यावें अशीही व्यवस्था केली. पत्रें गेलीं. दुसऱ्या दिवशीं एक गृहस्थ संस्थेंत आले. त्यांचा मुलगा आदल्या वर्षीं दिवंगत झाला होता. त्यांच्या हातांत त्या मुलाचें नांव घालून, 'आतां कोठें आहेस, काय करतोस, आम्हांस अवश्य कळव,' असें विचारणारें आमचें हंसतमुख पत्र होतें. ते रागावले नाहींत. 'हा पत्ता मीं फीच्या पावतीसाठीं दिला होता,' एवढेंच ते म्हणाले. 

त्या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो तरुण व मी त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागून आलों. नंतर आम्हीं ती यादी समूळ पुसून टाकली व प्रत्येकास आधीं विचारून नवी यादी केली. ती पहिलीपेक्षां पुष्कळच लहान झाली. परंतु तिच्यांतील प्रत्येक नांव स्वखुषीनें आलेलें होतें.

कोणी म्हणेल, 'हा अपघात झाला. शोकग्रस्त घर त्या यादींत असेल हें प्रोग्राम लिहिणाऱ्यास कसें कळावें?' माझें उत्तर असें कीं, कळणें शक्य नव्हतें, म्हणूनच विचारणें अवश्य होतें. यादी म्हणजे केवळ पत्त्यांची ओळ नव्हे. प्रत्येक पत्त्यामागें एक दार आहे, आणि त्या दारामागें काय चाललें आहे याची आपणांस वार्ता नसते. स्वतःस दुसऱ्याच्या जागीं ठेवून पाहण्याचा जो नियम पर्वतावरील प्रवचनांत सांगितला आहे व जो आपल्या शाळेंत प्रत्येक मुलाच्या कानीं पडतो, तो या लोखंडी-विजेच्या व्यवहारांतही तंतोतंत लागू पडतो. त्या नियमाचें संगणकाच्या भाषेंतील रूप 'पेंडिंग' हा शब्द होय.

कायदाही हळूहळू याच मार्गानें येत आहे. अमेरिकेंतील २००३ सालच्या कायद्यानें, 'मला पुन्हां पत्र नको' असें म्हणणाऱ्याचें म्हणणें कामकाजाच्या १० दिवसांच्या आंत मानलेंच पाहिजे, असें ठरविलें. युरोपांत २०१८ सालच्या मे महिन्यापासून लागू झालेला नियम याहून कडक आहे. आपल्या देशानेंही २०२३ सालीं व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. संमति मोकळेपणानें दिलेली व विशिष्ट कारणापुरती असावी, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति घेतली जावी, असें त्यांत म्हटलें आहे. 'विशिष्ट कारणापुरती' हे शब्द वाचतांना मला त्या गृहस्थांचें फीच्या पावतीविषयींचें वाक्य आठवतें. कायदेपंडितांनीं पुष्कळ कलमांत लिहिलें तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें होतें. तथापि कायदा शेवटीं शिक्षा करूं शकतो. लाज उत्पन्न करण्याचें काम त्याचें नव्हे. तें घराचें आणि शाळेचें आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, माझी तुम्हांस विनंति आहे. असा संच हातीं घ्याल तेव्हां तो उघडून वाचा. सर्व कळणार नाहीं; परंतु जें कळेल तें कोणत्याही शिकवणीहून अधिक शिकवील. त्याचा परवाना जपा, आणि आपल्या कामाच्या कागदावर त्याचें नांव मोकळ्या मनानें लिहा. त्यांत दोष आढळला तर कर्त्यावर न ओरडतां, तो दोष कोठें व कसा दिसला हें नीट लिहून कळवा. थकलेल्या माणसास चांगल्या रीतीनें लिहिलेली एक तक्रार देखील मदतच असते. आपली गुप्त किल्ली प्रोग्रामाच्या मजकुरांत लिहून तो मजकूर चव्हाट्यावर मांडूं नका. किल्ली बाहेर राहिली तर यादीही बाहेर जाते. आणि 'एम्‌डी५'ची खूण पाहून पत्ता गुप्त राहिला, असें समजूं नका. ज्यास पत्ता ठाऊक आहे त्यास ती खूण क्षणांत काढतां येते.

पालकांसही एक सांगणें आहे. आपलें मूल संगणकापुढें बसून 'शेंकडों लोकांस पत्र पाठविण्याची युक्ति' दाखवील, तेव्हां कौतुक अवश्य करावें. परंतु त्याबरोबर, 'यांतील किती जणांस विचारलेंस?' हाही प्रश्न करावा. हा प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं.

झाडाखालचा तो जुना अर्जनवीस पैसे घेई. तथापि अर्जदार समोर बसलेला असल्यामुळें त्याच्या तोंडाकडे पाहूनच त्यास लेखणी उचलावी लागे. आपल्या नव्या बिनपगारी अर्जनविसास डोळे नाहींत. ते आपणच त्यास दिले पाहिजेत.